संपलेल्या कामाची नोंदवही

जुलै-ऑगस्टात कोल्हापूरचा माणूस सकाळी उठून आधी एक आकडा बघतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे? ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पाऊस लागून राहिला की व्हॉट्सॲपवर तासातासाला एक ओळ येते: वेळ, फूट, इंच. २०१९ च्या ऑगस्टात ही ओळ ५५ फुटांच्या वर गेली आणि २०२१ च्या जुलैत त्याच्याही पुढे. त्या दिवसांत लोक क्रिकेटचा स्कोअर बघावा तसे फोनकडे बघत होते. कालचा आकडा कुणालाच नको होता, फक्त शेवटची ओळ हवी होती आणि तिच्याखाली येणारी पुढची.

त्याच फोनवर दुसरी एक बातमी येते: राधानगरीचा अमुक नंबरचा दरवाजा उघडला. राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक उंचीला पोचलं की दाबाने आपोआप उघडतात, उतरलं की मिटतात. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. हा आकडाही इथे पाठ असतो, कारण ते पाणी काही तासांनी आपल्याच दाराशी येणार असतं. दरवाजा आपोआप उघडतो खरा, पण तो उघडल्याची नोंद कुणीतरी करावी लागते. माणसाने दरवाजा उघडला असता तर त्या माणसाला विचारता आलं असतं. आपोआप उघडलेल्या दरवाज्याचं काय झालं हे नोंदवहीलाच विचारावं लागतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि रोज अशाच एका नोंदवहीला प्रश्न विचारते. काळ्या खिडकीत 'नोमॅड ॲलॉक लॉग्ज' असं टाइप करायचं, पुढे आठ अक्षरांचा एक क्रमांक द्यायचा आणि एन्टर मारायचा. कुठल्यातरी सर्व्हरवर चालू असलेलं किंवा नुकतंच मेलेलं एक काम काय बोललं, ते ओळीओळीने समोर येतं. शेवटी 'वजा एफ' जोडलं तर खिडकी उघडीच राहते आणि पंचगंगेच्या पातळीसारख्या नव्या ओळी येत राहतात.

ही कमांड शिकायला पाच मिनिटं लागतात. ती अशी का आहे हे समजून घ्यायला मात्र बराच मागे जावं लागतं.

०००

आधी ऑर्केस्ट्रेटर म्हणजे काय ते सांगते. साखर कारखान्याचं शेती खातं डोळ्यांसमोर आणा. हंगाम सुरू झाला की कुठल्या टोळीने कुठल्या गावात, कुणाच्या फडात जायचं हे तिथे ठरतं. एक टोळी आजारी पडली तर दुसरी पाठवतात. एका शिवारात रस्ता खचला तर ट्रॅक्टर दुसरीकडे वळवतात. शेतकऱ्याला टोळीतल्या माणसांची नावं माहीत नसतात. त्याला आपला ऊस गेला की नाही आणि काटापावतीवर किती टन आले, एवढंच कळायला हवं असतं.

ऑर्केस्ट्रेटर हे सर्व्हरांचं शेती खातं आहे. तुम्ही त्याला सांगता, "हा प्रोग्राम चालव, इतकी मेमरी दे, मेला तर पुन्हा उठव." कुठल्या मशीनवर चालवायचा ते तो ठरवतो. गूगलने स्वतःसाठी 'बोर्ग' नावाचा असा ऑर्केस्ट्रेटर बनवला होता आणि त्याबद्दलचा सविस्तर निबंध २०१५ साली जगापुढे ठेवला. त्याच घरातून २०१४ साली 'कुबरनेटीज' बाहेर पडला होता. २०१५ च्या सप्टेंबरात हाशीकॉर्प या कंपनीने 'नोमॅड' जाहीर केला. मिचेल हाशिमोटो आणि आर्मन दडगर या दोघांनी ती कंपनी २०१२ साली काढली होती. नोमॅड म्हणजे भटक्या. नाव नेमकं आहे, कारण या व्यवस्थेत कामं खरोखरच भटकी असतात. आज इथे, उद्या तिथे, आणि पाल उठल्यावर मागे काही उरेलच याची खात्री नाही.

अडचण तिथेच आहे. काम भटकं झालं तर त्याची वही कुठे ठेवायची?

०००

'लॉग' या शब्दाचा मूळ अर्थ लाकडाचा ओंडका. जहाजाचा वेग मोजायला खलाशी दोरीला लाकडाचा तुकडा बांधून मागे पाण्यात टाकत. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी असत. वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत हातातून किती गाठी सुटल्या ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. ओंडक्याचं नाव त्या वहीला चिकटलं आणि वहीवरून ते संगणकात आलं.

सुरुवातीच्या संगणकांत लॉग आणि उत्तर हे वेगळे नव्हतेच. दोन्ही एकाच कागदावर छापून येत. आपल्याकडचं उदाहरण मुंबईचं आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा त्या काळचा अवाढव्य संगणक आला आणि देशभरच्या संस्थांतले लोक त्यावर आपली गणितं चालवू लागले. गणित म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा. तो खिडकीत द्यायचा आणि आपला नंबर लागेपर्यंत वाट बघायची. मग छापील कागदांची घडी परत यायची. उत्तर आलं असेल तर त्यात उत्तर, चूक असेल तर त्यात चूक. संगणक कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, तो एकच होता. कागद तुमच्या हातात होता आणि तुम्ही जाळला नाहीत तर तो राहणार होता. आजच्या लॉगकडे यातलं काहीच नाही.

लॉग आणि उत्तर वेगळे झाले ते अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये, आणि त्याची गोष्ट मला फार आवडते. तिथे युनिक्स तयार होत होतं. डग मॅकिलरॉय हे गणिती १९६४ पासून म्हणत होते की प्रोग्राम एकमेकांना बागेतल्या पाइपांसारखे जोडता आले पाहिजेत, एकाचं पाणी दुसऱ्यात गेलं पाहिजे. १९७३ साली केन थॉम्प्सनने ते करून दाखवलं. आता प्रत्येक प्रोग्रामला आत येणारी एक वाट आणि बाहेर जाणारी एक वाट मिळाली. पण बाहेरची वाट एकच असल्यामुळे उत्तर तिच्यातूनच जायचं आणि 'फाइल सापडत नाही' ही बोंबही तिच्यातूनच.

त्याच काळात त्यांच्याकडे अक्षरजुळणीचं एक फोटोयंत्र आलं. त्यावर निघणारा कागद फोटोसारखा रसायनात धुऊन काढावा लागे. ते वेळखाऊ आणि खर्चिक काम होतं. स्टीव्ह जॉन्सन या तिथल्या संशोधकाने पुढे सांगितलंय की लोक आपला निबंध यंत्राकडे पाठवायचे, वाट बघायचे, कागद धुऊन आणायचे, आणि त्यावर सुंदर छापील अक्षरांत एकच ओळ असायची: अमुक फाइल उघडता आली नाही. चुकीचा निरोप उत्तराच्या पाइपातून थेट छपाईला गेलेला असायचा. असं पुरेशा वेळा झाल्यावर डेनिस रिचीने प्रत्येक प्रोग्रामला बाहेर जाणारी दुसरी वाट दिली. पहिली उत्तरांसाठी, म्हणजे 'स्टॅण्डर्ड आउटपुट', आणि दुसरी तक्रारींसाठी, म्हणजे 'स्टॅण्डर्ड एरर'. युनिक्सची सहावी आवृत्ती १९७५ ची. ही दुसरी वाट त्यानंतर लवकरच आली.

म्हणजे आज कोल्हापुरात बसून मी त्या कमांडपुढे 'वजा एसटीडीईआर' लिहिते, तेव्हा पन्नास वर्षांपूर्वी वाया गेलेल्या त्या फोटो-कागदांचा हिशेब चुकता करत असते. नवशिकी पोरं इथे हमखास अडकतात. लॉग मागतात, पहिल्या वाटेवरचं सगळं गोड-गोड बोलणं येतं, 'सुरू झालो, जोडलो गेलो, ठीक आहे.' खरी बोंब दुसऱ्या वाटेवर पडून असते आणि ती मागितल्याशिवाय मिळत नाही. नोमॅडच्या अलीकडच्या आवृत्त्यांत 'वजा एफ' लावून बघत बसलात तर दोन्ही वाटा एकत्र दिसतात. हे फार आधी व्हायला हवं होतं.

मधला एक टप्पा भरभर सांगते. १९८० च्या दशकात बर्कली विद्यापीठात एरिक ऑलमन ईमेल पोचवणारा 'सेंडमेल' हा प्रोग्राम लिहीत होता. त्याच्या नोंदींसाठी त्याने 'सिसलॉग' बनवला. प्रोग्रामने नुसतं बोलायचं, लिहून ठेवणारा वेगळा. ही सोय इतर प्रोग्रामांनाही आवडली आणि काही वर्षांत सगळं युनिक्स जग त्याच वहीत लिहू लागलं. तिची रीतसर कागदोपत्री नोंद व्हायला २००१ उजाडलं.

०००

काम करणारा वेगळा आणि लिहिणारा वेगळा, ही कल्पना बर्कलीच्या पुष्कळ आधी आपल्या पन्हाळ्यावर होती.

मराठ्यांच्या किल्ल्यावर एकच अधिकारी कधी नसे. हवालदार असे, सरनोबत असे, सबनीस असे, आणि कारखानीसही. हवालदाराकडे किल्ल्याचा ताबा. सबनिसाकडे हजेरी आणि जमाखर्च. कारखानिसाकडे धान्यकोठार आणि दारूगोळ्याचा हिशेब. ही माणसं मुद्दाम वेगवेगळ्या जातींतली नेमत, म्हणजे सगळ्यांनी मिळून किल्ला विकण्याची शक्यता कमी. कोल्हापूरच्या गादीचे रामचंद्रपंत अमात्य यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेलं म्हणून जे 'आज्ञापत्र' ओळखलं जातं, त्यातला किल्ल्यांचा भाग वाचताना तर एखाद्या सिस्टीम इंजिनिअरचं डॉक्युमेंट वाचतोय असं वाटतं. कोण काय करील, कोण कोणावर लक्ष ठेवील, काय बिघडलं तर काय करायचं, सगळं आहे. तेव्हा पन्हाळा ही राजधानी होती. हे पुस्तकी चिंतन नव्हतं, रोजच्या कामातून आलेलं शहाणपण होतं.

मला त्यात सबनीस महत्त्वाचा वाटतो. तो लढत नाही. किती जण हजर होते, किती आले, किती गेले, हे तो लिहितो. हवालदार मेला तरी वही राहते, कारण वही हवालदाराच्या हातात नसते.

नोमॅडमध्ये हा सबनीस आहे आणि त्याचं नाव आहे 'लॉगमॉन'. सुरुवातीला जो प्रोसेस कामाला चालवायचा तोच त्याचं बोलणंही टिपून घ्यायचा. २०१९ सालच्या ०.९ या आवृत्तीत ही दोन कामं वेगळी केली. आता प्रत्येक कामाशेजारी एक छोटा प्रोसेस बसतो. कामाच्या दोन्ही वाटा त्याच्याकडे येतात आणि येईल ते तो फाइलीत लिहितो. नोमॅडचा त्या मशीनवरचा कारभारी बंद करून पुन्हा चालू केला तरी लॉगमॉन लिहीतच राहतो. हवालदार बदलला म्हणून सबनिसाने वही मिटायची नाही.

फक्त या सबनिसाला वही फार छोटी दिलेली आहे. मुळात ठरलेलं माप असं: दहा मेगाबाइटची एक फाइल, अशा दहा फाइली. अकरावी उघडायची वेळ आली की पहिली फेकून द्यायची. बडबड्या प्रोग्रामला एवढी जागा तासाभरात संपवता येते. आणि ही वही त्या मशीनवरच, त्या कामाच्याच खोलीत असते.

मी जी कमांड चालवते ती काय करते हे आता सांगता येईल. ती आधी मुख्य सर्व्हरला विचारते, "या क्रमांकाचं काम कुठल्या मशीनवर आहे?" मग त्या मशीनकडे जाते, कामाच्या खोलीतली ती फाइल उघडते आणि मजकूर माझ्यापर्यंत वाहून आणते. २०१५ च्या पहिल्या आवृत्तीत ही सोयसुद्धा नव्हती. त्या मशीनवर स्वतः शिरून खोली शोधावी लागे. आता कोल्हापुरात बसून मुंबईतल्या मशीनवरची फाइल वाचता येते, आणि ती इतकी सहज येते की वाटतं, हे सगळं कुठेतरी सुरक्षित कपाटात ठेवलेलं आहे. तसं कपाट नाही. ती कमांड म्हणजे भिंतीतली खिडकी आहे. पलीकडची खोली पाडली की खिडकीतून दिसणार काय?

०००

आमची कंपनी लहान आहे. गावोगावच्या दूध संस्थांना संकलनाचं आणि बिलांचं सॉफ्टवेअर देते. शहरातल्या वाचकांसाठी सांगते: आमच्याकडे दुधाचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. घरात म्हैस असलेल्या बाईचा महिना तीन बिलांचा असतो. किराणा, पोराची फी, भिशी, सगळं त्या दहा दिवसांच्या तालावर चालतं. त्यामुळे बिल काढणारं काम रात्री दोनला आपोआप सुरू होतं आणि उजाडायच्या आत संपतं.

मी रुजू झाले त्याच पावसाळ्यात एका गावच्या संस्थेचे सचिव सकाळी पावणेदहाला फोनवर होते. वय साठीच्या पुढचं, पूर्वी जिल्हा परिषदेत कारकून. त्यांना सगळे अण्णा म्हणतात.

"मॅडम, निम्म्या लोकांची बिलं हायत, निम्म्यांची न्हाईत. पेटीवर बायका येऊन बसल्यात. काय सांगू त्यास्नी?"

"अण्णा, अर्धा तास द्या. रात्री काय झालं बघते."

"बघा की. तुमच्याकडं लिवलेलं असंलच."

मी कमांड चालवली. उत्तर आलं की अशा क्रमांकाचं काही सापडत नाही. नोमॅडच्या मुळच्या ठरावाप्रमाणे संपलेलं काम चार तासांनी झाडून काढायला मोकळं होतं. ते काम पहाटे अडीचलाच मेलं होतं. साडेसहानंतर केव्हातरी झाडूवाला येऊन गेला होता, आणि कामासोबत त्याची खोली गेली, खोलीतली वही गेली. कुणी बदलला नव्हता म्हणून हा ठराव होता तसाच चालू होता.

चार तास हा आकडा मूर्खपणाचा नाही. ज्यांच्याकडे दिवसाला लाखो कामं येतात आणि मरतात, त्यांनी प्रत्येकाची खोली जपली तर सर्व्हर त्यांतच बुडतील. पण तो आकडा ठरवताना कुणासमोर म्हशीच्या दुधाचं बिल नव्हतं. रात्री दोनला मेलेल्या कामाची चौकशी गावात सकाळी दहाला सुरू होते.

कुणाची बिलं निघाली आणि कुणाची राहिली हे डेटाबेसवरून कळलं. उरलेली बिलं आम्ही त्या दिवशी जुळवून काढली आणि दुपारपर्यंत पैसे जमा झाले. पण काम मेलं का, हे कळल्याशिवाय पुढच्या दहा दिवसांनी पुन्हा तेच होणार होतं. म्हणून त्याच आकड्यांवर ते काम पुन्हा चालवलं आणि 'वजा एफ' लावून मी ओळी बघत बसले. सभासद क्रमांक, लिटर, फॅट, रक्कम. सभासद क्रमांक, लिटर, फॅट, रक्कम. मग एक ओळ मध्येच थांबली, लिटरपर्यंत आली आणि पुढे काही नाही. पहिल्या वाटेवर नाही आणि दुसऱ्या वाटेवरही नाही. तक्रारीचा एक शब्द नाही.

याचं कारण लॉगमध्ये नव्हतं, आणि असूही शकलं नसतं. या कामाला किती मेमरी द्यायची ते कुणी लिहिलेलं नव्हतं, म्हणून नोमॅडने आपल्या रीतीप्रमाणे ३०० मेगाबाइट दिली होती. सभासद वाढले, मेमरी पुरेना, आणि लिनक्सने त्या प्रोसेसला जागच्या जागी ठार केलं. अशा मरणात प्रोग्रामला शेवटचं वाक्य बोलायची सवड मिळत नाही. शिवाय पायथॉनमध्ये लिहिलेला प्रोग्राम पाइपात लिहिताना प्रत्येक ओळ लगेच सोडत नाही. थोडं साठवतो आणि एकदम सोडतो. मरताना जे साठवलेलं असतं ते त्याच्याबरोबरच जातं. म्हणजे मी जी ओळ शेवटची म्हणून बघत होते ती खरी शेवटची नव्हतीच. तो आणखी बऱ्याच सभासदांपर्यंत पोचून मग मेला होता.

मरणाचं कारण दुसऱ्या वहीत होतं. 'ॲलॉक स्टेटस' विचारलं की ऑर्केस्ट्रेटरची स्वतःची टिपणं दिसतात: केव्हा नेमलं, केव्हा सुरू झालं, केव्हा आणि कशाने गेलं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, मेमरी संपल्याने मारलं, निकाल १३७. प्रोग्रामचं बोलणं एका वहीत, प्रोग्रामबद्दलचं बोलणं दुसऱ्या वहीत. मेलेला माणूस आपल्या मरणाची नोंद करू शकत नाही, ती दुसऱ्यालाच करावी लागते. किल्ल्यावर दोन वह्या ठेवण्यामागे हेही एक कारण असणार.

०००

हे आमचं छोटं प्रकरण. मोठं प्रकरण बघायचं तर २०२१ च्या ऑक्टोबरकडे जावं लागेल. लहान मुलांत लोकप्रिय असलेला 'रोब्लॉक्स' हा खेळ २८ तारखेला बंद पडला आणि ७३ तास बंद राहिला. त्यांच्याकडे तेव्हा १८ हजारांहून जास्त सर्व्हर होते आणि त्यांवर नोमॅडच कामं वाटत होता. कुठलं काम कुठे आहे हे सांगणाऱ्या 'कॉन्सल' या हाशीकॉर्पच्याच दुसऱ्या व्यवस्थेत बिघाड होता. रोब्लॉक्सने पुढच्या जानेवारीत सगळा वृत्तान्त प्रसिद्ध केला. असा प्रामाणिक वृत्तान्त मोठ्या कंपन्या क्वचितच देतात, सवड काढून वाचा. मला त्यातली एक गोष्ट फार लागली. काय बिघडलंय हे दाखवणाऱ्या त्यांच्या काही महत्त्वाच्या यंत्रणा स्वतःच कॉन्सलवर अवलंबून होत्या. कॉन्सल आजारी पडला आणि त्याच वेळी त्याची नाडी बघणाऱ्याचेही डोळे गेले. इंजिनिअरांची मोठी फौज कामाला लागली, हाशीकॉर्पची माणसंही आली, तरी मूळ कारण हाती लागायला दिवस गेले.

कोल्हापूरला याची वेगळी समजूत घालावी लागत नाही. पुरात वीज गेली, फोनची रेंज गेली, म्हणजे ज्या घराला पाणी लागलंय त्यालाच पातळी कळेना. आकडा हवा असायचा तो त्याच घराला, आणि मिळायचा तो पुण्यात बसलेल्या भावाला.

पुण्याचं निघालं म्हणून आणखी एक. तिथे आयसर संस्थेत 'परम ब्रह्म' नावाचा महासंगणक आहे, सी-डॅकने बसवलेला. तिथेही कामं रांगेत लागतात आणि कुठल्या मशीनवर चालायचं ते दुसराच कुणी ठरवतो. तो ठरवणारा म्हणजे 'स्लर्म'. याचा जन्म अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेतला, या शतकाच्या सुरुवातीचा. पण लॉगच्या बाबतीत स्लर्मची रीत अगदी साधी आहे. काम जिथून पाठवलं त्या तुमच्याच फोल्डरमध्ये एक फाइल तयार होते. नावात कामाचा नंबर, शेवटी 'आउट'. मशीन बदलो, काम मरो, फाइल तुमच्या घरात असते आणि तुम्ही पुसेपर्यंत राहते. तिथे पीएचडी करणारी माझी एक मैत्रीण चार वर्षांपूर्वीच्या फाइली अजून उघडून बघते. शास्त्रज्ञांसाठी बनवलेल्या यंत्राने वही काम देणाऱ्याकडे ठेवली. दुकानदारीसाठी बनवलेल्या यंत्राने ती काम करणाऱ्याच्या खोलीत ठेवली. दोघांनाही आपापली कारणं होती. माझं मत विचाराल तर मी शास्त्रज्ञांच्या बाजूची आहे, पण मला कुणी विचारलेलं नाही.

नोमॅडवाल्यांचं म्हणणं स्वच्छ आहे. नोंदी जपायच्या असतील तर त्या उचलून दुसरीकडे न्या, त्यासाठी वेगळी साधनं आहेत, ही कमांड डोकावण्यापुरती आहे. आम्ही तेच केलं. आता एक छोटा प्रोग्राम प्रत्येक मशीनवर फिरतो, ओळी उचलतो आणि त्या मशीनशी काही संबंध नसलेल्या दुसऱ्या जागी नेऊन ठेवतो. दोन्ही वाटा, आणि ऑर्केस्ट्रेटरची टिपणंसुद्धा. प्रश्न उरला तो किती दिवस ठेवायच्या. जागेचे पैसे पडतात, आणि बिलाच्या लॉगमध्ये कोणाच्या घरी किती दूध निघतं हेही असतं. ते कायमचं साठवून ठेवणं मला बरं वाटत नव्हतं.

पुढच्या महिन्यात संस्थेत गेले तेव्हा अण्णांना हे सांगितलं. त्यांनी दप्तराच्या कपाटाकडे बोट केलं. सरकारी कचेरीत कागदांचे वर्ग असतात हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते: 'अ' वर्गाचा कागद कायम ठेवायचा, 'ब' तीस वर्षं, 'क-१' आणि 'क' त्याहून कमी वर्षं आणि 'ड' एक वर्ष. वर्ष सरलं की यादी करून, सही घेऊन मगच नाश करायचा. अण्णांची सगळी नोकरी या गठ्ठ्यांत गेली होती.

"आणि तुमचं यंत्र किती ठेवतंय म्हणलात?"

"मुळात चार तास, अण्णा."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चहाचा कप सरकवून म्हणाले, "चार तासाचा वर्ग आमच्यात न्हवता. रोजच्या रात्रीचं 'ड'ला टाका. ज्या रात्री बिल अडकलं त्या रात्रीचं 'क-१'ला. आणि फाडताना यादी करत जावा, सही मी देतो."